रन मध्येच तुटतो, 'निगेटिव्ह व्हॉल्यूम' येतो: वेगवान आघाताच्या सिम्युलेशनमधलं परत परत उलटणारं दुखणं

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. गोळी पत्र्याला टेकते, चार-पाच मायक्रोसेकंद सगळं सुरळीत चालतं, मग टाइमस्टेप (गणित एका चक्रात पुढे सरकतं तेवढा वेळ) धडाधड खाली येतो आणि 'निगेटिव्ह व्हॉल्यूम' (एलिमेंट उलटून त्याचं घनफळ उणे झालं) असा शेरा मारून रन बंद पडतो. कधी रन पुरा होतो, पण शेवटी मोजलेली एकूण ऊर्जा सुरुवातीपेक्षा जास्त भरते. म्हणजे गोळीने आणली होती त्यापेक्षा जास्त ऊर्जा पत्र्यात सापडते. वरून वेगळी दिसली तरी ही दोन्ही एकाच घरातली दुखणी आहेत.

बेळगावात हा त्रास मुख्यतः दोन तऱ्हेच्या कामांत होतो. एक म्हणजे कॉलेजातले एम.टेक.चे प्रकल्प: पोलादी गोळी, पत्रा, ५०० ते १००० मीटर प्रति सेकंद वेग. दुसरं उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातल्या फौंड्र्यांचं: शॉट ब्लास्टिंग मशीनचे लायनर आणि ब्लेड का झिजतात, कास्टिंगच्या पृष्ठभागावर शॉटचा काय परिणाम होतो. तिथे वेग साधारण ६० ते ८० मीटर प्रति सेकंद. दोन्हींत एलएस-डायना, अ‍ॅबॅकस एक्स्प्लिसिट किंवा २०२२ पासून फुकट आणि खुला मिळणारा ओपनरेडिऑस वापरतात. सॉफ्टवेअर बदललं तरी चुका त्याच राहतात, म्हणून खाली कार्डांची (इनपुट फाइलीतल्या सूचनांची) नावं कमी आणि कारणं जास्त आहेत.

सगळीकडे सांगितला जाणारा उपाय एकच: उलटलेला एलिमेंट (मॉडेलच्या जाळीचा, म्हणजे मेशचा, एक छोटा तुकडा; त्याचे कोपरे म्हणजे नोड) आपोआप खोडायचा पर्याय चालू करा. एलएस-डायनात टाइमस्टेपच्या कंट्रोल कार्डात 'इरोड' १ करायचं आणि टर्मिनेशन कार्डात 'डीटीमिन' द्यायचं. रन पुढे सरकतो, फोटो छान येतात, पण हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं. एलिमेंट उलटला ही शेवटची पायरी असते. त्याच्या आधी कुठेतरी ताकद, दाब किंवा कॉन्टॅक्टचा (दोन वस्तूंनी एकमेकींत शिरू नये यासाठीचा) हिशेब चुकलेला असतो, आणि खोडलेल्या एलिमेंटबरोबर त्याचा पुरावाही जातो.

आधी पाहा: तुटला कधी?

उपाय शोधण्याआधी रन कितव्या चक्रात आणि किती वेळेला तुटला ते लिहून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

पहिल्या ५० ते १०० चक्रांत, गोळी नुकतीच टेकत असताना तुटला तर एककं, अवस्था समीकरण (दाब आणि घनता यांचं नातं) किंवा उष्णतेचे आकडे चुकले आहेत. यात मेशचा दोष जवळजवळ कधीच नसतो. मेश बारीक करत बसण्यात दिवस घालवू नका. टेकण्याच्या क्षणी एखाद-दुसऱ्या नोडने उडी मारली असेल तर कॉन्टॅक्ट. गोळी पत्र्यात बरीच आत गेल्यावर, एलिमेंट चपटे-लांबुळके झाल्यावर तुटला तर अवरग्लास (एलिमेंटचं खोटं झिगझॅग वाकणं) आणि खोडण्याचा निकष.

शेवटच्या चित्राच्या मागची दहा चित्रं एकेका चक्राच्या अंतराने काढून घ्या. त्यासाठी तुटण्याच्या जरा आधीच्या रीस्टार्ट फाइलपासून रन पुन्हा सोडा आणि चित्रांचं अंतर टाइमस्टेपइतकं करा. ऊर्जेचा तक्ता (एलएस-डायनात 'जीएलस्टॅट', ओपनरेडिऑसमध्ये आउट फाइलीतला 'एरर' स्तंभ) उघडा आणि एकूण ऊर्जा पहिल्यांदा कुठे वाकडी झाली ते शोधा. ती वेळ तुटण्याच्या वेळेपेक्षा बरीच आधीची असते. खरी चूक त्या वेळेला झालेली असते.

एककं: दहातली सहा दुखणी इथली

आघाताच्या कामात एककांची चूक फार लबाड असते. साध्या स्थिर भाराच्या गणितात एकक चुकलं तर उत्तर हजारपट येतं आणि लगेच डोळ्यात भरतं. इथे घनता बरोबर, वेग बरोबर, ताण बरोबर, आणि एखादाच आकडा जुन्या डेकमधून (इनपुट फाइलीतून) तसाच उतरलेला असतो. ४३४० पोलादासाठी जॉन्सन-कुक मॉडेलचे (स्ट्रेन म्हणजे विकृती, तिचा वेग म्हणजे स्ट्रेन रेट, आणि तापमान यांवरून धातूची ताकद काढणारं समीकरण; ए, बी, एन, सी हे त्याचे स्थिरांक) प्रसिद्ध आकडे घेऊन चार पद्धतींत ते कसे दिसायला हवेत ते पाहा. (ई-९ म्हणजे दहाचा उणे नववा घात, डेकमध्ये टाइप करतो तसा.)

| | टन, मिमी, सेकंद | किलो, मिमी, मिलिसेकंद | ग्रॅम, मिमी, मिलिसेकंद | ग्रॅम, सेमी, मायक्रोसेकंद |
|---|---|---|---|---|
| घनता | ७.८३ई-९ | ७.८३ई-६ | ७.८३ई-३ | ७.८३ |
| १००० मी/से वेग | १.०ई६ | १००० | १००० | ०.१ |
| ए (७९२ मेगापास्कल) | ७९२ | ०.७९२ | ७९२ | ०.००७९२ |
| विशिष्ट उष्णता (४७७) | ४.७७ई८ | ४७७ | ४७७ | ४.७७ई-६ |
| संदर्भ स्ट्रेन रेट (१ प्रति सेकंद) | १ | ०.००१ | ०.००१ | १.०ई-६ |

शेवटच्या दोन ओळी सर्वांत जास्त चुकतात, आणि दोघींच्या चुकीचा परिणाम अगदी वेगळा असतो.

विशिष्ट उष्णता चुकली की रन पहिल्या काही चक्रांतच जातो. प्लास्टिक विकृतीच्या कामाचा सुमारे ९० टक्के भाग उष्णता होतो असं धरतात. १२०० मेगापास्कल ताण आणि ०.५ स्ट्रेन धरला तर ४३४० चं तापमान साधारण १४५ अंशांनी वाढायला हवं. आता टन-मिमी-सेकंद पद्धतीत ४.७७ई८ ऐवजी नुसतं ४७७ टाकलं, तर वाढ दहा लाखपट होते. एलिमेंट तत्क्षणी वितळणबिंदू (१७९३ केल्विन) ओलांडतो, त्याची ताकद शून्य होते, आणि समोरून येणाऱ्या दाबाखाली तो कागदासारखा दुमडतो. शेरा येतो 'निगेटिव्ह व्हॉल्यूम', आणि माणूस मेशला दोष देत बसतो. तपासायला तापमानाचं चित्र काढा. पहिल्या टेकण्यालाच लाल ठिपका दिसला तर दुसरीकडे बघायचं कारण नाही. खोलीचं तापमानही केल्विनमध्येच द्या: २९८, २५ नव्हे.

संदर्भ स्ट्रेन रेट चुकला तर रन मुळीच तुटत नाही. म्हणून ही चूक जास्त वाईट. मिलिसेकंदाच्या डेकमध्ये ०.००१ ऐवजी १ ठेवलं, तर १०,००० प्रति सेकंद रेटला ४३४० ची ताकद १.१३ पट व्हायची ती १.०३ पटच होते. म्हणजे पोलाद साडेआठ टक्के मऊ. तांब्याचा सी ०.०२५ असतो, त्यामुळे तिथे हीच चूक १४ टक्क्यांवर जाते. गोळी पत्र्यातून बाहेर पडतानाचा वेग जास्त निघतो, मग प्रयोगाशी जुळवायला लोक डॅमेजचे (पदार्थ कधी तुटेल ते ठरवणारे) आकडे फिरवतात, आणि दोन चुका एकमेकींना झाकतात.

याच्या जोडीला आणखी एक गोंधळ. आपल्याकडच्या फौंड्रीत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये यूटीएमवर (ताणचाचणीच्या यंत्रावर) टेस्ट बार ओढून ए, बी आणि एन काढले असतील, तर ते साधारण ०.००१ प्रति सेकंद रेटचे असतात. तेव्हा संदर्भ रेटही ०.००१ प्रति सेकंदच धरायला हवा. मिलिसेकंदाच्या डेकमध्ये तो १.०ई-६ होतो. प्रसिद्ध आकडे वापरले तर १ प्रति सेकंद. डेकमध्ये ०.००१ दिसलं की ते कोणतं ०.००१ आहे हे शेरा लिहून स्पष्ट करा. सी मात्र यूटीएमवर मिळत नाही. त्याला स्प्लिट हॉपकिन्सन बारची चाचणी लागते. ती नसेल तर जवळच्या प्रसिद्ध धातूचा सी घ्या आणि अहवालात तसं सांगा.

एककांची खात्री करायचा सोपा मार्ग: रन सोडण्याआधी वस्तुमान आणि गतिज ऊर्जा हाताने काढा. ८ मिमी व्यासाची पोलादी गोळी २.१० ग्रॅम भरते, १००० मी/से वेगाला तिची ऊर्जा १०५० जूल. सममितीमुळे पाव मॉडेल घेतलं असेल तर २६२ जूल. ऊर्जेच्या तक्त्यातली पहिली ओळ याच्याशी एक-दोन टक्क्यांत जुळली पाहिजे. (गोळीचे एलिमेंट सपाट बाजूंचे असल्याने वस्तुमान जरासं कमी भरतं, ते चालतं.) १ मिमीचा शॉट साधारण ४ मिलिग्रॅमचा, ७५ मी/से ला त्याची ऊर्जा साधारण ११.५ मिलिजूल. किलोभर शॉटमध्ये असे सुमारे अडीच लाख दाणे बसतात. तो आकडा पाहिला की एका दाण्याच्या मॉडेलवरून लायनरचं आयुष्य सांगायची घाई कमी होते.

अवस्था समीकरण: कुठे लागतं, कुठे नुसती अडचण

शॉट ब्लास्टिंगच्या वेगाला अवस्था समीकरणाची गरज नाही. पोलादावर पोलाद ७५ मी/से ने आदळलं तर टेकण्याच्या जागी अगदी सुरुवातीचा दाब पावणेदोन गिगापास्कलच्या आसपास येतो. पोलादाचा बल्क मॉड्युलस १६५ गिगापास्कलच्या घरात, म्हणजे घनफळ साधारण एक टक्का दबतं. सरळ रेषेचा स्थितिस्थापक नियम त्याला पुरतो. एलएस-डायनात साधं जॉन्सन-कुक (९८ क्रमांकाचं) घ्या आणि ही पायरी सोडून पुढे चला.

१००० मी/से ला गोष्ट बदलते. ३०४ स्टेनलेसवर ३०४ आदळलं तर कणवेग (शॉकच्या मागे पदार्थ सरकतो तो वेग, इथे आदळण्याच्या वेगाच्या निम्मा) ५०० मी/से. शॉकचा वेग (किमी/से) = ४.५६९ + १.४९० × कणवेग, म्हणजे ५.३१. घनता ७.८९६ ने गुणलं की दाब २१ गिगापास्कल, आणि घनफळ साडेनऊ टक्के दबलेलं. इथे ग्रुनायझन हे अवस्था समीकरण हवंच. साध्या लोखंडात आणि बहुतेक कमी मिश्रधातूच्या पोलादांत १३ गिगापास्कलच्या आसपास स्फटिकरचनाच बदलते, त्यामुळे त्यांच्यासाठी एकच सरळ रेषा दोन्ही बाजूंना लावू नये. ३०४ ला हा प्रश्न नाही.

रन तोडणारी चूक इथे एकच आहे, पण ती वारंवार होते: ध्वनिवेगाचा आकडा. तांब्याचा ३.९४० हा आकडा किमी/से मध्ये छापलेला असतो. किलो-मिमी-मिलिसेकंदात ते ३९४० होतं, टन-मिमी-सेकंदात ३.९४ई६, ग्रॅम-सेमी-मायक्रोसेकंदात ०.३९४. मिलिसेकंदाच्या डेकमध्ये ३.९४ तसंच राहिलं तर वेग हजारपट कमी, आणि दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे असल्याने बल्क मॉड्युलस दहा लाखपट कमी. धातू हवेइतका मऊ होतो. एलिमेंट दोन-चार चक्रांत गळपटतो. हाताने तपासा: घनता × वेगाचा वर्ग = ८.९३ × ३.९४ × ३.९४ = १३९ गिगापास्कल. तांब्याचा बल्क मॉड्युलस तेवढाच हवा.

एका पट्टीची चाचणी

वरचं सगळं बरोबर आहे का, हे पूर्ण मॉडेलवर कळत नाही. त्यासाठी एलिमेंटची एकच रांग असलेली पट्टी करा: ५ मिमी तांब्याचा उडता तुकडा, १० मिमी तांब्याचं लक्ष्य, एलिमेंट ०.१ मिमी. सगळे नोड बाजूच्या दोन्ही दिशांनी बांधलेले, फक्त लांबीच्या दिशेने मोकळे. एकूण ६०८ नोड होतात, त्यामुळे अ‍ॅबॅकसच्या विद्यार्थी आवृत्तीच्या १००० नोडच्या मर्यादेतही बसतं. उडत्या तुकड्याला ५०० मी/से द्या.

उत्तर आधीच माहीत आहे. कणवेग २५० मी/से. शॉकचा वेग ३.९४० + १.४८९ × ०.२५ = ४.३१ किमी/से. दाब ८.९३ × ४.३१ × ०.२५ = ९.६३ गिगापास्कल. दबलेल्या तांब्याची घनता ९.४८. शॉक लक्ष्याच्या मागच्या तोंडाला २.३२ मायक्रोसेकंदांनी पोचतो, आणि ते मोकळं तोंड जवळपास ५०० मी/से ने सुटतं. तुमच्या मॉडेलच्या आलेखात सपाट पठार ९.६ च्या आसपास यायला हवं. तांब्याच्या ताकदीमुळे लांबीच्या दिशेचा ताण दाबापेक्षा एखादा टक्का जास्त दिसेल, म्हणून दाबाचाच आलेख पाहा.

पठार बरोबर पण कडेला जोरदार हेलकावे असतील तर कृत्रिम बल्क व्हिस्कॉसिटी (शॉकची कड थोडी पसरवणारा गणिती चिकटपणा) कमी पडते आहे. एलएस-डायनात वर्गाचा गुणक १.५ आणि सरळ गुणक ०.०६ हे मूळचे आकडे आहेत. ते कुणी शून्य केले नाहीत ना ते पाहा. शॉकची कड चार-सहा एलिमेंटांत पसरते. ती उभी रेघ व्हावी म्हणून गुणक कमी करू नका; ती पसरलेलीच असते, बारीक हवी तर मेश बारीक करा. दाब ९.६ ऐवजी ४.६ किंवा २१ आला तर वेग एका बाजूला द्यायचा तो दोन्हीकडे दिला, किंवा अर्धा दिला. दोन-चार मिनिटांचं काम आहे. नवा धातू डेकमध्ये आला की प्रत्येक वेळी करा.

टाइमस्टेप आणि मास स्केलिंग

पोलादात ध्वनीचा वेग सुमारे ५.९ किमी/से. ०.५ मिमीच्या एलिमेंटला ०.०८५ मायक्रोसेकंद. मूळचा सुरक्षा गुणक ०.९ असतो, वेगवान आघाताला ०.६७ किंवा ०.६ करा. नुसत्या एवढ्याने काही रन वाचतात, कारण एलिमेंट एका चक्रात फार दबतो तेव्हाच तो उलटतो.

मास स्केलिंग (टाइमस्टेप वाढावा म्हणून एलिमेंटची घनता खोटी वाढवणं) या कामात वापरू नका. दाब घनतेवर ठरतो. घनता वाढवली की दाब, शॉकचा वेग आणि गोळीची ऊर्जा तिन्ही बिघडतात.

अवरग्लास

एका बिंदूच्या (ताण मधल्या एकाच बिंदूवर काढणाऱ्या) एलिमेंटमध्ये झिगझॅग आकार फुकटात होतात, ते रोखायला अवरग्लास नियंत्रण लागतं. वेगवान आघाताला चिकट प्रकार (१ ते ३), शॉट ब्लास्टिंगसारख्या मंद वेगाला ताठर प्रकार (४ किंवा ५). अवरग्लासची ऊर्जा आतल्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या खाली हवी, आणि हे पूर्ण मॉडेलपुरतं न पाहता प्रत्येक पार्टपुरतं पाहा. पत्रा मोठा असतो, त्यामुळे एकूण टक्केवारी छान दिसते आणि गोळीचा चिवडा झालेला लपतो. एलएस-डायनात ही ऊर्जा मोजायची सूचना वेगळी द्यावी लागते (एनर्जी कार्डात 'एचजीईएन' २). नाही दिली तर शून्य छापून येतं आणि लोक खूश होतात. पूर्ण इंटिग्रेशनचा (अनेक बिंदूंवर ताण काढणारा) एलिमेंट घेऊन यातून सुटका होत नाही. तो मोठ्या विकृतीत लवकर आखडतो आणि आधीच उलटतो.

कॉन्टॅक्ट आणि खोडलेले एलिमेंट

एककं ठीक असूनही रन तुटत असेल तर बहुतेक वेळा घोळ इथे असतो. एलिमेंट खोडला की त्याच्या मागचं तोंड उघडं पडतं. ते तोंड कॉन्टॅक्टला माहीतच नसेल तर गोळी आत घुसते, कुणी अडवत नाही, आणि पुढच्या थराशी अचानक भिडते. तेव्हा एखादा नोड कित्येक हजार मी/से ने उडतो, आणि शेजारचा एलिमेंट उलटतो.

म्हणून आतली तोंडंही कॉन्टॅक्टमध्ये असली पाहिजेत. एलएस-डायनात 'इरोडिंग' जातीचा कॉन्टॅक्ट घ्या, सॉफ्ट २ करा. अ‍ॅबॅकसमध्ये जनरल कॉन्टॅक्टला बाहेरचं पृष्ठ आपोआप मिळतं, आतलं नाही. ते 'इंटिरिअर' पृष्ठ म्हणून स्वतः जोडावं लागतं, आणि नव्याने शिकणारे नेमके हेच विसरतात. ओपनरेडिऑसमध्ये टाइप ७ कॉन्टॅक्ट वापरताना पृष्ठ पार्टच्या सगळ्या तोंडांचं घ्या, आणि खोडलेल्या एलिमेंटची तोंडं काढून टाकायचा पर्याय (आयडेल) चालू ठेवा.

टाइप ७ चा स्वतःचा एक स्वभाव आहे. नोड जसजसा गॅपच्या (तोंडापासून कॉन्टॅक्ट लागू होतो त्या अंतराच्या) आत शिरतो तसतसा त्याचा ताठरपणा झपाट्याने वाढत जातो, त्यामुळे गॅप फार लहान दिला की टाइमस्टेप रसातळाला जातो. आउट फाइलीत टाइमस्टेप ठरवणारा घटक 'इंटरफेस' दिसला तर मेशला हात न लावता आधी गॅप वाढवा.

सुरुवातीलाच गोळी आणि पत्रा एकमेकांत रुतलेले नाहीत ना? गोळीचे कोपरे आणि पत्र्याचं तोंड यात ०.०५ मिमी फट ठेवा. १००० मी/से ला ती ०.०५ मायक्रोसेकंदात पार होते, वेळेचं काही नुकसान नाही. कॉन्टॅक्टची ऊर्जा उणे जाऊ लागली तर कुठेतरी नोड रुतून बसले आहेत. तक्त्यात उणे चिन्ह पहिल्यांदा दिसलं ती वेळ पकडा आणि तिथलं चित्र पाहा.

आता खोडण्याचा निकष. पदार्थ खरोखर तुटणं आणि गणित चालू राहावं म्हणून एलिमेंट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी डॅमेज मॉडेल, दुसरीसाठी प्लास्टिक स्ट्रेन १.५ ते २ च्या पुढे गेला की खोडा असा कोरडा नियम. दुसऱ्या नियमाने पहिल्याचं काम करून घेऊ नका. ०.३ वर खोडायला लावलं की पत्र्यात गोळीच्या आकाराचं स्वच्छ भोक पडतं, ऊर्जा कमी खर्च होते, आणि बाहेरचा वेग भलताच जास्त निघतो.

जॉन्सन-कुक डॅमेजमध्ये डी३ चं (ओढणं-दाबणं यांचा तुटण्यावर होणारा परिणाम ठरवणाऱ्या स्थिरांकाचं) चिन्ह तपासा. मूळ समीकरणात ४३४० साठी डी३ उणे २.१२ आहे. अ‍ॅबॅकसने समीकरणात चिन्ह उलटं घेतलं आहे, म्हणून तिथे अधिक २.१२ द्यायचं. चिन्ह चुकलं तर पत्रा ओढल्यावर चिवट आणि दाबल्यावर ठिसूळ वागतो. गोळीखाली, जिथे दाब सर्वांत जास्त, तिथेच एलिमेंट आधी गायब होऊ लागले तर हेच कारण. दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअलमधलं समीकरण उघडून चिन्ह पाहा. कुणाच्या तयार डेकवर विसंबू नका.

शेवटी खोडलेलं वस्तुमान मोजा. गोळीच्या वाटेतल्या पत्र्याच्या तुकड्याच्या तुलनेत ते किती टक्के आहे ते पाहा. निम्म्याच्या आसपास असेल तर रन पुरा झाला तरी उत्तर वापरण्याजोगं नाही. एलएस-डायनात खोडलेल्या एलिमेंटचे नोड वस्तुमानासकट कॉन्टॅक्टमध्ये ठेवता येतात (कॉन्टॅक्टच्या कंट्रोल कार्डातलं 'एनमास'). त्याने ऊर्जेची तूट कमी होते, पण सुटे नोड टाइमस्टेपला त्रास देऊ शकतात. गोळी आणि पत्रा दोन्हींचा चुरा होत असेल तर एलिमेंटऐवजी कणांची पद्धत (एसपीएच) घ्या, नाहीतर खोडलेल्या एलिमेंटचं एसपीएच कणात रूपांतर करणारा पर्याय.

मेश बारीक केला की उत्तर बदलतं

हा बिघाड नाही, डॅमेज मॉडेलचा स्वभाव आहे. तुटण्याची पट्टी नेहमी एका एलिमेंटच्या जाडीत जमते, त्यामुळे एलिमेंट लहान केला की तुटायला लागणारी ऊर्जा कमी होते. १, ०.५ आणि ०.२५ मिमी असे तीन मेश चालवा, बाहेरचा वेग तिन्हींचा लिहा. मेश निम्मा केला की वेळ सोळापट लागतो (तीन दिशांना आठपट एलिमेंट, वर टाइमस्टेप निम्मा), त्यामुळे बारीक मेश फक्त गोळीच्या व्यासाच्या तीन-चारपट पट्ट्यातच ठेवा आणि बाहेर हळूहळू जाड करत न्या. शेजारच्या दोन एलिमेंटांत २० टक्क्यांहून जास्त फरक नको, नाहीतर शॉक त्या सीमेवरून परततो आणि खोटं स्पॉल (मागच्या बाजूने पापुद्रा सुटणं) दाखवतो. पत्र्याच्या जाडीत आठापेक्षा कमी एलिमेंट असतील तर उत्तराची चर्चाच नको.

बीड (कास्ट आयर्न) असेल तर

बेळगावच्या फौंड्र्यांत एफजी २६० सारखं राखाडी बीड नेहमीचं. त्यावर ४३४० चे जॉन्सन-कुक आकडे लावलेले डेक फिरत असतात. ते टाकून द्या. राखाडी बीड दाबात ताणापेक्षा (ओढण्यापेक्षा) तीन-चारपट जास्त सोसतं, ताणात जवळजवळ न वाकता तुटतं, आणि जॉन्सन-कुकच्या ताकदीच्या समीकरणात ताण आणि दाब हा भेदच नाही. दाबावर अवलंबून ताकद बदलणारं, ताणात वेगळी मर्यादा असणारं मॉडेल घ्या. एसजी आयर्न, ४०० / १५ सारखं चिवट, बरंच पोलादासारखं वागतं. तिथे जॉन्सन-कुक चालतं, पण ए, बी आणि एन त्याच हीटच्या (एका वेळच्या वितळणीच्या) टेस्ट बारचे घ्या, पुस्तकातले नकोत. टेस्ट सर्टिफिकेटवर फक्त ताणशक्ती, लांबण आणि बीएचएन (कठीणपणाचा आकडा) असतं. त्यातून बी आणि एन निघत नाहीत, यूटीएमचा पूर्ण आलेख मागून घ्या आणि नेकिंगपर्यंतचाच (बार मध्येच बारीक होऊ लागेपर्यंतचाच) भाग खऱ्या ताण-स्ट्रेनमध्ये बदलून वापरा.

तोच डेक, वेगळं उत्तर

कालचा डेक आज चार कोअरऐवजी आठवर सोडला आणि गोळीचा वेग थोडा बदलला, तर लगेच डेकमध्ये चूक शोधू नका. कोअर बदलले की बेरजेचा क्रम बदलतो, शेवटच्या दशांशात फरक पडतो, आणि एलिमेंट खोडण्याची वेळ एका चक्राने इकडे-तिकडे होते. एलएस-डायनाच्या एसएमपी आवृत्तीत (एकाच मशीनचे कोअर सामायिक मेमरी वापरतात ती) कोअरची संख्या उणे लिहिली (चारऐवजी उणे चार) की बेरीज ठरलेल्या क्रमाने होते. रन थोडा हळू चालतो. वेगात एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर मात्र मॉडेल तुटण्याच्या उंबरठ्यावर आहे. डबल प्रिसिजनवर चालवून पाहा.

वीज गेली तर

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, रात्रभराच्या रनवर भरवसा ठेवता येत नाही. छोटा यूपीएस पूर्ण भाराच्या वर्कस्टेशनला काही मिनिटंच धरतो. तेवढ्यात रन नीट थांबवता येतो: एलएस-डायनात कंट्रोल-सी दाबून 'एसडब्ल्यू१' लिहिलं की रीस्टार्ट फाइल लिहून तो थांबतो. 'एसडब्ल्यू३' लिहिलं तर फाइल लिहून पुढे चालतो. कुणी जवळ नसेल तर दर काही हजार चक्रांनी रीस्टार्ट फाइल आपोआप पडेल असं ठेवा (ओपनरेडिऑसमध्ये 'आरफाइल'). एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिणारा पर्याय एकटा ठेवू नका. लिहीत असतानाच वीज गेली तर तीही गेली. क्रमांक पडत जाणाऱ्या फाइली ठेवा, डिस्कवर निदान दोन असाव्यात. रन पुन्हा सोडल्यावर पहिल्या ओळीतली एकूण ऊर्जा वीज जाण्याआधीच्या शेवटच्या ओळीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर ती फाइल अर्धवट आहे, तिच्या आधीच्या क्रमांकाची घ्या.